आखितीचं पाणी

"मावशी, हात नका लावू. लांबून बघा," रामप्रसाद म्हणाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मावशींनी बोटाच्या पेरानं त्या निळ्या मडक्यावर टक्क करून वाजवलं होतं, कान तिरका करून आवाज ऐकला होता आणि "खणखणीत हाय" असा निकाल देऊन त्या पुढच्या मडक्याकडं वळल्याही होत्या.

आता याला कुणी काय करावं! जालन्याच्या माणसापुढं मडकं यावं आणि त्यानं ते वाजवून बघू नये, असं कधी झालंय का? बाजारात माठ घ्यायचा तो वाजवूनच. आवाज बद्द आला की समजायचं, एकतर तडकलाय नाहीतर भट्टीत नीट भाजलाच नाही. ठेवायचा परत आणि दुसरा उचलायचा. आईच्या कडेवर असताना लागलेली सवय ही. एसी लावलेल्या दालनात शिरलं म्हणून ती सुटते होय?

पण रामप्रसादची नोकरीच मुळी हात लावू न देण्याची होती. बियाण्यांच्या एका जुन्या व्यापाऱ्यानं आपल्या रिकाम्या पडलेल्या गोदामाचं कलादालन केलं होतं. भिंतींना पांढरा रंग, वरून दिवे, खाली गुळगुळीत फरशी. तरी दार लावलं की आत सरकीचा जुना वास यायचाच. शाळेत जन्मभर शिपाई म्हणून राबलेला रामप्रसाद निवृत्तीनंतर तिथं राखणीला बसायचा. एरवी दालनात चित्रं लागायची. चित्रांचं सोपं असतं, ती भिंतीवर असतात. या खेपेला मात्र पुण्याच्या गंधाली नावाच्या बाईंनी मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन मांडलं होतं, आणि तेही सगळं अगदी हाताला येईल अशा उंचीवर.

भांडी तरी कसली म्हणावीत! एकाला तोंडच नव्हतं, एकाचं पोट चिरलेलं, एक उतरंड अशी काही कललेली की बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा. एक खवचट म्हातारा पहिल्याच दिवशी बोलून गेला होता, "जालन्यात नळाचं तोंड दिसंना, अन् तुमी रिकाम्या घागरींचं प्रदर्शन भरवून राह्यले. आमच्या घरी या की, फुकट दाखवतो." रामप्रसादला खुदकन हसू आलं होतं. हे संध्याकाळी घरी सांगायचं, असं त्यानं मनाशी धरलंसुद्धा. मग आठवलं, की घरी ऐकायला कुणी नाही.

त्याचं हे रोजचंच झालं होतं. दिवसभरात काहीबाही गोळा करायचं आणि कुलूप उघडताना ते सगळं दारातच टाकून द्यायचं.

चांगुणाबाई, त्याची बायको, दिवाळी सरल्यावर गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. तिला डायलिसिसला न्यायचं, आणायचं, पथ्याचं शिजवायचं, हे सगळं रामप्रसादनं केलं. त्याचा त्याला कधी कंटाळा आला नाही. जीव मेटाकुटीला आला तो पाण्यानं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पाणी मोजून द्यायचं, वर एक घोट नाही. आणि मोजायचं काम आलं रामप्रसादकडं. 'रांगेत उभं राहा, आत जाऊ नका' असं जन्मभर सांगत आलेला माणूस. त्यानं हेही काम इमानानं केलं. स्टीलच्या फुलपात्रात मोजून तो तिला पाणी द्यायचा. वैशाखाच्या काहिलीत ती बर्फाचा खडा चघळत पडून राहायची. गल्लीत नळ आला की घराघरांतून बादल्या-घागरींचा आवाज उठायचा आणि ती भिंतीकडं तोंड करायची. "अर्धाच घोट द्या की," म्हणायची. तो म्हणायचा, सांजच्याला देतो. सांज होईपर्यंत ती डोळे लावून बसलेली असायची.

तिच्यादेखत पाणी प्यायचा धीर त्याला कधीच झाला नाही. तहान लागली की तो अंगणात टाकीपाशी जायचा आणि घराकडं पाठ करून, चोरासारखा प्यायचा. तिला कळत का नव्हतं! एकदा म्हणाली, "आवं, हितं माझ्यापुढं बसून प्या की. तुमी पिताना बघितलं तरी माझा घसा थंड व्हईल." ते काही त्याला जमलं नाही. ती गेली, घर मोकळं झालं, तरी अजून तो पाणी प्यायला अंगणातच जात होता.

आणि आता तिची पहिली आखिती आली होती.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं. नवी घागर आणायची, काठोकाठ भरायची, तोंडावर करा म्हणतात तो लहानसा मातीचा गडू ठेवायचा, वर आंबा. ज्याच्या नावाचं पाणी, त्याचं नाव घ्यायचं आणि हात जोडायचे. तोवर घरात कुणी नव्या आंब्याचा रस तोंडाला लावत नाही. बाईला जाताना पाण्यासाठी तरसावं लागलं, निदान आता तरी पोटभर मिळावं, एवढी एकच गोष्ट रामप्रसादच्या डोक्यात होती. गेल्या महिन्याभरात दुसरं काही शिरलंच नव्हतं. घागर तर त्यानं मुद्दाम एसटीनं जाऊन तिच्या माहेराहून, धावड्याहून, आणली होती. कुंभाराच्या दारात बसून दहा घागरी वाजवल्या आणि त्यातली एक निवडली. कुंभार वैतागला.

भरायची मात्र लेकानं. कल्याण पुण्याला कंपनीत होता. सकाळपर्यंत पोचतो म्हणाला होता. रामप्रसादनं आदल्या दिवशी दोनदा देवघर पुसलं, आंबे आणले, गव्हाच्या राशीवर घागर मांडून ठेवली. स्वतः पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पाणी दिल्याशिवाय आपण प्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत.

रामप्रसादला स्वतःला सुट्टी काही मिळाली नाही. दालनाचं सगळं मालकांचा पुतण्या स्वानंद बघायचा. त्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला की काका, आज गंधालीताई संभाजीनगरहून पाहुणे घेऊन येणार, आजच तुम्ही नाही म्हणू नका. शेवटी शेजारच्या उषाबाईंकडं किल्ली देऊन रामप्रसाद कामावर आला. कल्याण आला की फोन करील, मग स्वानंदला पाया पडून का होईना पण तासाभरासाठी घरी जाऊन यायचं, असा त्याचा बेत होता.

सणाच्या दिवशी मडकी बघायला कोण येणार? मघाच्या त्या मावशी काय ते तेवढ्याच. त्या गेल्या आणि दालन सुनसान झालं. रामप्रसादनं आपली खुर्ची नेहमीच्या जागी, मधल्या घागरीसमोर ओढली.

ती घागर दालनाच्या मधोमध, एका चौथऱ्यावर, एकटीच एका दिव्याखाली ठेवलेली होती. त्या सगळ्या तऱ्हेवाईक गोतावळ्यात घागरीसारखी घागर ती एवढीच. गेरूचा तांबूस रंग, गरगरीत पोट, बाईच्या कमरेवर नीट बसेल असा बाक. गंधालीबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की काका, बाकीच्यांवरची धूळ पुसत जा, पण हिला फडकंसुद्धा लावू नका. ही सगळ्यांत महागाची असणार, असं रामप्रसादनं धरलं आणि पुढं काही विचारलं नाही. उद्घाटनाच्या भाषणात बाई तिच्याविषयी बरंच काही बोलल्या म्हणे, पण तेव्हा तो मागच्या खोलीत चहा ओतत होता. हात लावू द्यायचा नाही म्हटल्यावर त्यानं कुणाला लावू दिला नाही. साऱ्या जालन्यानं सगळी मडकी वाजवली, ही तेवढी राहिली. खुद्द रामप्रसादनंही तिला कधी बोट लावलं नाही. तो आपला तिच्यासमोर बसायचा. आसपास कुणी नसलं तर दोन शब्द बोलायचासुद्धा. त्या म्हाताऱ्याचा खवचटपणा त्यानं शेवटी तिलाच सांगितला होता.

फोन आला तेव्हा बारा वाजायला आले होते.

"अण्णा, न्हाई जमलं बघा. सुट्टीच न्हाई दिली," कल्याण म्हणाला.

"बरं."

"तृप्तीनं इथंच केलं समदं. घागर कुठं भेटली न्हाई, मंग स्टीलच्या तांब्यात भरलं पाणी. चालतंय की. पोहोचतंय मायला. तुमी जेवून घ्या आता."

"बरं केलं," रामप्रसाद म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

राग आला नाही असं नाही. आला, चांगला सणकून आला. पण लेकापेक्षा जास्त त्या स्टीलच्या तांब्याचा आला. वर्षभर जी बाई फुलपात्रानं मोजून पाणी प्यायली, तिला आखितीलासुद्धा स्टीलमध्येच, तेही तांब्याभर! घरी धावड्याची घागर कोरडी बसलेली. घर नदीपलीकडं जुन्या जालन्यात, दालन नव्या जालन्यात, दार उघडं टाकून जाता येत नाही, आणि दुपार कलली की पाणी द्यायची वेळ टळली. वर्षाचा एक दिवस, तोही पहिला. तो उगाच दारापर्यंत गेला, रस्त्यावर पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. घराघरांत रसाच्या वाट्या भरल्या जात असतील. त्याचा स्वतःचा घसाही कोरडा पडला होता.

तो परत आला तो थेट त्या मधल्या घागरीपाशी. थोडा वेळच तर, त्यानं स्वतःची समजूत घातली. पाणी घालायचं, नाव घ्यायचं, हात जोडायचे. मग पाणी काढून घ्यायचं, आतून पुसून ठेवायची. कुणाला काय कळतंय?

चहाच्या खोलीतल्या जारमधून त्यानं प्लास्टिकचा जग भरून आणला. चपला काढल्या. पाणी त्यानं जराही बाहेर सांडू दिलं नाही. दुसरा जग आणला. घागर गळ्यापर्यंत आली तसा तो थांबला आणि त्यानं हात जोडले. नाव घ्यायचं होतं. सगळा संसार 'अगं, ऐकलं का' यावर झालेला, तिला नावानं हाक म्हणून कधी मारली नव्हती. "चांगुणाबाई," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

डोळे पुसून त्यानं घागरीत पाहिलं, तर पाणी खाली गेलं होतं.

नवी घागर पाणी पितेच, हे त्याला ठाऊक होतं. पण एवढं? तो वाकला. आतून आवाज येत होता, बारीक, गुट गुट गुट असा. पाण्यावर बुडबुडे येत होते. घाईघाईनं कुणी तोंड लावून प्यावं तसा तो आवाज. रामप्रसादच्या अंगावर काटा आला. खरं-खोटं करत बसण्याच्या पलीकडं तो गेला होता. तो धावत जाऊन आणखी एक जग घेऊन आला आणि ओतला. तोही खाली जाऊ लागला. तो पुन्हा धावला.

"पी," तो म्हणत होता. "पी गं माय. आज कुणी अडवीत न्हाई तुला. लागंल तेवढं पी."

घागरीचं पोट गडद होत चाललं होतं, तेही त्याला बरंच वाटलं. पाणी मिळालं की तहानलेल्या माणसाची कळा बदलते तशी तिची बदलली, असं वाटलं. मग ते पोट एका बाजूनं फुगलं. त्यानं जग टाकून दिला आणि दोन्ही हातांनी धरायला गेला, तर बोटं आत रुतली. चिखल. काठ आत झुकला, गळा बसला, आणि सगळी घागर त्याच्या हातांतून सावकाश खाली आली. लाल पाणी चौथऱ्यावरून फरशीवर उतरलं आणि त्याच्या अनवाणी पायांपर्यंत आलं.

तेव्हा कुठं त्याला उमगलं, की ही भाजलेलीच नव्हती. एक टिचकी मारली असती तरी कळलं असतं. जालन्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पाहुणे आले तेव्हा तो तसाच उभा होता, कोपरापर्यंत हात मातीत. पळून जावं, मांजरानं पाडलं म्हणावं, असं काही त्याला सुचलं नाही. स्वानंद दारातच "अरे!" म्हणून थबकला. गंधालीबाई मात्र सरळ पुढं आल्या आणि त्या चिखलावर त्यांनी हात ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी केलं, ताई," रामप्रसाद म्हणाला. "आज आखिती हाय. आमच्या मालकिणीला पाणी द्यायचं व्हतं. पहिलंच साल हाय."

"काका, ही कच्ची होती. मी मुद्दाम कच्ची ठेवली होती. सगळ्यांना सांगितलं होतं उद्घाटनाला."

"मी तवा चहा वतून राह्यलो व्हतो."

गंधालीबाईंचा हात चिखलावर तसाच राहिला. स्वानंदनं मात्र तोंड सोडलं. ही घागर पुढच्या महिन्यात दिल्लीला जायची होती, माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, राखणदारानंच हात लावायचा तर राखण कशाला ठेवली, असं बरंच. रामप्रसाद मान खाली घालून ऐकत होता. त्यातलं एकही खोटं नव्हतं. एवढे दिवस तो स्वतः लोकांना हेच सांगत आला होता.

गंधालीबाईंनी स्वानंदला हातानंच थांबवलं. त्या रडवेल्या झाल्या होत्या आणि ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही. जिच्यात कधी पाणी भरताच येणार नाही अशी घागर करायची, एवढंच मनात धरून आपण ती केली होती, असं त्या पाहुण्यांना की स्वतःलाच, हळू आवाजात म्हणाल्या. सगळ्या प्रदर्शनात हीच एक माझ्या मनासारखी झाली होती, असंही म्हणाल्या. मग त्यांनी रामप्रसादकडं पाहिलं.

"किती पाणी घातलंत, काका?"

"मोजलं न्हाई, ताई," रामप्रसाद म्हणाला.

 चौथऱ्याच्या कडेला गंधालीबाई खालीच बसल्या. भाजलेली असती तर खापऱ्या झाल्या असत्या, कच्ची आहे, माती परत मळता येईल, असं त्या त्याला म्हणाल्या. तीच घागर पुन्हा होईल, असं मात्र म्हणाल्या नाहीत. त्याला वाटलं, त्यापेक्षा बाईंनी चार शिव्या द्यायला हव्या होत्या.

फरशी त्यानंच पुसली. पुसून झाल्यावर स्वानंद त्याला बाजूला घेऊन, आता जरा खालच्या आवाजात म्हणाला, की काका, उद्यापासून नका येऊ, मला आमच्या काकांना उत्तर द्यावं लागेल. "बराबर हाय तुमचं," असं म्हणून रामप्रसादनं दालनाच्या किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या. निघताना सवयीनं त्यानं आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

घरी पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. उषाबाईंनी किल्ली दिली, वर झाकलेली रसाची वाटी दिली, आणि कल्याण दिसला नाही ते, असं विचारलं. त्याला सुट्टी न्हाई भेटली, असं सांगून तो आत आला. चांगुणाबाईच्या फोटोला सकाळी घातलेला हार सुकला होता. खाली गव्हाच्या राशीवर धावड्याची घागर तशीच होती, कोरडी. त्यानं वाकून तिला एक टिचकी मारली. चांगली ठणठणीत वाजली.

त्यानं ती भरली. करा ठेवला, आंबा ठेवला, नाव घेतलं. या खेपेला नाव सहज आलं. मग थोडा वेळ घागरीकडं बघत उभा राहिला. पाणी काठाशी होतं, ते काठाशीच राहिलं. आवाज नाही, काही नाही. आता उद्या सकाळी उठून कुठं जायचं, हेही त्याच वेळी त्याच्या मनात येऊन गेलं.

घसा तर पार वाळून गेला होता. पेला घेऊन तो नेहमीसारखा अंगणाकडं निघाला. उंबऱ्यापर्यंत गेला, पाय बाहेर टाकला आणि थांबला. टाकी समोरच होती. तिथून तो मागं फिरला. करा उचलून बाजूला ठेवला, घागरीतून पेला भरून घेतला आणि फोटोसमोर मांडी घालून बसला. नखांत अजून लाल माती होती.

त्यानं पेला वर केला आणि तो प्यायला. सावकाश, घोट घोट, तिला नीट दिसेल असा.